खिडकीतली सहा टोपणं

बावीस वर्षं मी जमिनीतला वायू मोजतोय आणि बावीस वर्षं लोकांचा एकच प्रश्न, "वास तर काही येत नाही, मग मोजताय काय?" अहो, वास आला असता तर मला पगार कशाला दिला असता कुणी? कुजलेल्या कचऱ्यातून निघणाऱ्या मिथेनला वास नसतो. म्हणून तर मी.

आल्विन कुचेराने मात्र हा प्रश्न कधी विचारला नाही. आमच्या रूर या कोळशाच्या खाणींच्या भागातला जुना खाणकामगार तो. खाण बंद पडली तेव्हा तारांच्या कारखान्यात राखणदार झाला. फाटकाजवळच्या दोन खोल्यांत राहायचा, खाली तळघर. बायको, हानेलोरं, त्याच घरात वारली. दाराशी तिने लावलेला गुलाब होता, त्याची छाटणी तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

कारखान्यामागे पन्नास वर्षांपूर्वी गावाचा कचरा पुरलेला. आता सरकारी कार्यालयाला जाग आली होती. जमिनीत सहा नळ्या ठोकायच्या, सहा फेऱ्या मोजायचं. सगळं स्वच्छ निघालं तर राखणदाराचं घर राहील, नाही तर रिकामं करायचं. चौथी नळी त्याच्या भिंतीपासून तीन पावलांवर होती.

दर दोन आठवड्यांनी मंगळवारी नऊ वाजता मी जायचो. पाच फेऱ्या झाल्या, पाचही वेळा शून्य. माप संपलं की आल्विन कॉफी आणि साखरचुऱ्याचा केक पुढे करायचा आणि म्हणायचा, "खा रे पोरा, वाळून काटकी झालायस." मी बावन्न वर्षांचा, पोट पट्ट्यावरून उतू जाणारा! पण बरं वाटायचं. दर वेळी शून्य पाहून जीव भांड्यात पडायचा, आणि मोजणाऱ्याला असं वाटणं काही ठीक नाही, हेही कळत होतं.

आमचा एक नियम आहे. हवेचा दाब उतरतो तेव्हा जमीन आतली हवा बाहेर सोडते, म्हणून निदान एक फेरी अशा दिवशी झालीच पाहिजे. शेवटच्या आठवड्यात दाब सोमवारीच उतरायला लागला. मी फोन न करता एक दिवस आधी निघालो.

पोचून बघतो तर सहाही नळ्या उघड्या! टोपणं खिडकीत, खाली स्वच्छ फडकं अंथरून, ओळीने मांडलेली.

डोक्यात तिडीक गेली. "आल्विन! हे कुणी केलं?"

तो स्वेटरची बटणं लावत बाहेर आला, चोरी पकडल्यासारखा. "तू आज कसा? उद्या येणार होतास ना?"

"टोपणं कुणी काढली ते सांगा आधी!"

"मीच काढतो की रोज. अरे, खाणीत आम्ही नळ्या कशाला ठोकायचो? वायू निघून जावा म्हणून. आणि तू दर वेळी टोपणं घट्ट लावून जायचास! म्हटलं, विसरतो बिचारा."

"आणि मी आलो की ती लावलेली कशी असायची?"

"तू यायच्या आधी लावून ठेवायचो. तुला मेल्याहून मेल्यासारखं होऊ नये म्हणून."

मी तिथेच पायरीवर बसलो. या माणसाने अडीच महिने माझी अब्रू राखली होती, आणि पाच फेऱ्या मातीत घातल्या होत्या. ओरडू की त्याचे पाय धरू, तेच कळेना.

"आल्विन, या नळ्या वायू काढायला नाहीत. आत किती साठतो ते बघायला आहेत."

त्याने एकदा गुलाबाकडे बघितलं. मग फडक्यावरून टोपणं उचलली आणि सहाही स्वतःच्या हाताने घट्ट लावली.

तीन दिवस वायू आत साठू दिला. गुरुवारी दाब अजून उतरतच होता. पहिल्या तीन नळ्यांत थोडासा वायू. चौथीवर मीटर लावला. अकरा टक्के. तळघरात उतरलो, जिथे पाण्याचा नळ भिंतीतून आत येतो तिथल्या भेगेशी मीटर धरला. दोन.

"पाच टक्क्यांना पेट घेतो," आल्विन माझ्या मागून म्हणाला. त्याला सांगावं लागलं नाही. तो वर गेला, बंबाची ज्योत विझवली, खिडक्या सताड उघडल्या.

अंगणात मी कागद काढला. पेन उघडलं आणि परत बंद केलं. लाज वाटते सांगायला, पण बोललो मी. "आल्विन, मी पुढच्या महिन्यात येतो. दाब चढलेला असेल. आकडा कमी येईल."

एवढा चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. "गाढवा! तीस वर्षं खाणीत मी हेच मोजायचो. मी आकडा सांगितला की अख्खी पाळी काम टाकून वर यायची. रोजी बुडायची, आयमाय काढायचे माझी. पण आकडा बदल असं एकानेही म्हटलं नाही मला. आणि तू म्हणतोस?"

मी मान खाली घातली.

"आण इकडे," तो म्हणाला. माझ्या हातातून कागद घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि चौथ्या नळीपुढच्या रकान्यात सावकाश, शाळकरी वळणाच्या अक्षरात लिहिलं : अकरा. खाली तळघर : दोन. मग कागद माझ्यापुढे धरला.

"सही तुझी," तो म्हणाला. "मी आता कात्री आणतो. गुलाबाची एक फांदी लावायला न्यायचीय."