सातवा खेळाडू

"नऊच?" रेफरीने विचारले.

"सध्या नऊच. बाकीचे येतायत," सर म्हणाले.

बाकीचे कोणी येत नव्हते. एकाच्या वडिलांनी बूट कपाटात कुलूपबंद केले होते, दुसऱ्याला अचानक अभ्यासाची गोडी लागली होती आणि उरलेल्यांनी फोन उचलणेच सोडले होते. मोसमाच्या सुरुवातीला सरावाला पोरांची झुंबड उडायची. मग दर पराभवानंतर कोणी ना कोणी गळत गेले. हरणाऱ्या टीममध्ये हौसेने कोण राहणार?

सर म्हणजे खरे तर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले सहायक. तरुणपणी थोडेफार फुटबॉल खेळले होते, एवढ्याच गुन्ह्यासाठी ही टीम त्यांच्या गळ्यात पडली होती. थेंब थेंब मोजून बोलतात म्हणून पोरे त्यांना पाठीमागे 'पिपेट' म्हणत. सरांना ते माहीत होते आणि, कोणाला सांगितले नाही तरी, आवडतही होते.

आज मोसमातला शेवटचा सामना. "जिंका असं मी म्हणतच नाही हो," प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून सुनावले होते, "पण सामना अर्धवट सुटला, तर टीम बंद. आणखी शोभा नको." फुटबॉलचा नियम साधा आहे. मैदानावर सातपेक्षा कमी खेळाडू उरले की रेफरी सामना थांबवतो. त्यामुळे हल्ली सर गोल मोजत नसत, डोकी मोजत.

"अहो, हरतात ती पोरं आणि ताप येतो तुम्हाला," बायको म्हणायची. खोटे नव्हते ते. सामन्याच्या दिवशी सकाळचा चहासुद्धा त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

मध्यंतरापर्यंत चार गोल झाले, अर्थात समोरच्यांचे. गोलकीपरला सगळे 'भिंत' म्हणत. त्या भिंतीला दार आहे, खिडक्या आहेत आणि वर छप्परही नाही, असे तो स्वतःच सांगायचा.

"सर, सहा गोलांच्या आत आटोपलं तर पार्टी?" कॅप्टनने पाणी पिता पिता विचारले.

"आधी सामना पुरा करा. मग काय हवं ते मागा."

उत्तरार्ध सुरू झाला आणि स्ट्रायकरने वैतागून आपल्याच भिंतीला एक सणसणीत शिवी हासडली. रेफरीने सरळ लाल कार्ड काढले. "अहो, आमच्या घरातलं भांडण आहे ते!" असे ओरडत तो बाहेर आला. पाठोपाठ एका पोराचा घोटा मुरगळला. त्याला दोघांनी उचलून बाकावर आणले, तेव्हा पाय टम्म सुजला होता.

सात उरले. सर रेषेच्या कडेने येरझाऱ्या घालू लागले. कोणी पडला की त्यांचा श्वास अडकायचा, उठला की सुटायचा.

शेवटची दहाएक मिनिटे राहिली असताना कॉर्नर आला. बचावाला असलेला 'आजोबा' उंच उडाला आणि समोरच्याच्या डोक्यावर त्याचे डोके धाडकन आपटले. विशीही न गाठलेल्या या पोराला आजोबा म्हणत, कारण तो सगळ्यांची समजूत घालायचा. क्षणभर तो तसाच पडून राहिला. मग उठला, हसला आणि त्याने अंगठा दाखवला. सरांचा जीव भांड्यात पडला.

थोड्या वेळाने तो धावत रेषेजवळ आला. "सर, हाफ टाइम झाला का?"

"झाला की मघाशीच."

"बरं."

दोन मिनिटांनी तो पुन्हा आला. "सर, हाफ टाइम झाला का?"

सरांनी घड्याळ पाहिले. आता थोडीच मिनिटे. आपण ऐकलेच नाही, असे करता येईल, असा विचार त्यांच्या मनात आला. आला आणि रेंगाळलाही. मैदानात आजोबा समोरच्या टीमच्या पोरांमध्ये जाऊन, त्यांच्यातलाच एक असल्यासारखा शांतपणे उभा होता.

सरांनी हात वर केला.

कॅप्टन धावत आला. "सर, नका ना! त्याला कोपऱ्यात उभा करतो. बॉल जाऊच देत नाही त्याच्याकडे. नुसता उभा राहू दे."

"नाही."

बाकावरचा पोरगा घाईने उठला. "मी जातो सर, मी जातो." त्याने पाय टेकवला आणि कळवळून खाली बसला.

"सर, टीम बंद होईल!" कॅप्टनच्या डोळ्यांत पाणी आले.

"माहितीये मला!" सर ओरडले. त्यांना ओरडताना आजवर कोणी पाहिले नव्हते. "त्याच्या आईला काय सांगू मी? टीम वाचवली म्हणून सांगू?"

रेफरी जवळ आला. "थोडं थांबू का? पाणी पाजून बघता?" भला माणूस होता.

"नको," सर म्हणाले. "त्याला बाहेर घेतोय."

शिट्टी वाजली. समोरच्या पोरांनी जल्लोष केला नाही. एकेक जण येऊन हात मिळवून गेला. भिंत मात्र गोलच्या खांबाला टेकून तशीच उभी राहिली. तिला आणायला कॅप्टनला जावे लागले.

टॅक्सीत सरांनी आजोबाच्या आईला फोन लावला. "ताई, घाबरू नका, मी बरोबर आहे त्याच्या," असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. तिच्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते. फोन ठेवल्यावर आजोबा म्हणाला, "सर, मॅच संपली का?"

"संपली."

"हरलो?"

"हरलो."

"असू दे हो. पुढच्या वर्षी बघू."

सरांनी टॅक्सीवाल्याला जरा लवकर घ्यायला सांगितले.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिले, स्कॅन करू म्हणाले आणि बाहेर बसायला सांगितले. बाकावर आजोबाने पुन्हा तेच विचारले, सरांनी पुन्हा तेच सांगितले.

"असू दे हो सर. पुढच्या वर्षी बघू."

त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच पुढचे वर्ष दिसत होते.

"हो," ते म्हणाले. "बघू."

आजोबाने समाधानाने मान हलवली. समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे तो जरा वेळ पाहत राहिला. मग सरांकडे वळला.

"सर, मॅच संपली का?"