माझे कोपरे घासा

मी मनगटी घड्याळ बोलतोय, आणि जरा घाईत बोलतोय. मला चावी नाही. घालणाऱ्याचा हात हलला की माझी स्प्रिंग भरते. हात सुटला की दीड दिवसात मी बंद. काल सकाळी मला काढून खिडकीत ठेवलं. म्हणजे आज संध्याकाळी माझा खेळ आटोपला.

हात अर्मां युग्नांचा. ज्युरा डोंगरातल्या आमच्या गावात बहुतेक सगळे घड्याळांच्या कारखान्यात. अर्मां तिथला पॉलिशवाला. माझी पोलादी केस, म्हणजे बाहेरचं कवच, त्यानंच घासली. पट्टा अडकतो ते चार कोपरे त्यानं असे धारदार काढले, की फोरमन म्हणाला, "यानं तर चीज कापता येईल." पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल घड्याळ मिळायचं होतं, तेव्हा त्यानं मलाच मागून घेतलं. पगारातून असलं महागडं घड्याळ त्याला कुठलं जमायला.

घालायला सुखाचा मी कधीच नव्हतो. माझ्या पोलादी पट्ट्याच्या कड्या त्याच्या मनगटावरचे केस उपटायच्या. उन्हाळ्यात हात सुजला की पट्टा रुतायचा. तो शिव्या घालायचा, पण मला काढायचा नाही. आणि जुन्या घड्याळाचे कोपरे घासायचे नाहीत, हा तर आमच्याकडे नियमच; घासले की मूळ धार जाते आणि किंमतही. मला दुरुस्तीला दिलं की कोणी ते घासू नयेत म्हणून अर्मां राखण करत दुकानातच बसायचा.

आता तो अठ्ठ्याऐंशीचा. हात वाळला. पट्ट्याच्या चार कड्या काढल्या, आणखी काढण्यासारखी एकही उरली नाही. मी सैल होऊन हाडावर आदळायला लागलो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, कातडी कांद्याच्या सालीसारखी. माझा कोपरा लागला की काळंनिळं. त्याच्या बायकोनं, ओदीलनं, खाली फ्लॅनेलची पट्टी शिवली, ती सरकली. काल रक्त थांबेना, तेव्हा घरी येणाऱ्या नर्सनं मला काढलंच.

तेव्हापासून तो जेवलेला नाही. उघड्या मनगटावर बोटं फिरवत बसलाय. चाळीस वर्षांवर ज्याच्या अंगावर राहिलो, त्यालाच मी कापलं. मला हे सहन होत नाही.

आत्ता त्याची मुलगी सिल्वेन आलीय. तीही पॉलिशवाली, बापाच्याच हाताखाली शिकलेली.

"घास गं ते कोपरे एकदाचे," ओदील म्हणाली.

"मम्मी, काहीही काय बोलतेस? असं करणाऱ्याशी पप्पा आयुष्यभर बोलले नसते."

अर्मांनं हात पुढे केला. सिल्वेननं मला त्याच्या तळव्यावर ठेवलं. डोळे मिटून त्यानं चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला, कारखान्यात माल तपासायचा तसा, सावकाश.

"काम चांगलं झालं होतं," तो म्हणाला. "आतल्या बाजूनं सुरुवात कर. हात हलका ठेव."

सिल्वेननं पिशवीतून बारीक कानस काढलीय, पण कोपऱ्याशी नेऊन ती परत मागे घेतेय. बापाचं काम खोडायचं तिला कोणी शिकवलेलंच नाही. घास, पोरी. किंमत जाऊ दे, रूप जाऊ दे. संध्याकाळच्या आत मला त्या मनगटावर परत घाल. तो सूपचा चमचा तोंडाशी नेईल ना, तेवढ्या हलण्यावरही मी चालेन.