रिकामं कोंदण

आत्याच्या जिभेबद्दल लोक काय वाटेल ते सांगतात. कुणी म्हणतं, खड्याला जीभ लावून ती घासणाऱ्याची जन्मवेळ सांगायची. जन्मवेळेचं सोडा, ते जरा अतीच झालं. पण खडा ओल्या चाकावर घासलाय की कोरड्या, हे तिला जिभेवर ठेवताच कळायचं, यात तिळमात्र शंका नाही.

वीस वर्षं ती आणि तिचा भाऊ शेजारी शेजारी चाकाला बसले होते. चाकावर पाण्याची धार सोडली की काम सावकाश होतं, पण धूळ खाली बसते. धार बंद केली की काम दुप्पट होतं आणि धूळ बसते ती माणसाच्या छातीत. त्यांच्या मुकादमाला सावकाशीचं वावडं होतं. भाऊ खोकून खोकून गेला तेव्हा त्याची पोर चार वर्षांची होती. आत्याने चाक सोडलं आणि पोर उचलली.

त्याच पोरीच्या अंगठीचा खडा घ्यायला तिघी जवाहिऱ्याच्या एका चकचकीत, काचा लावलेल्या दुकानात आल्या होत्या: आत्या, भाची आणि भाचीची होणारी सासू. अंगठी तयार होती; आत्याने आपली एकुलती एक बांगडी आटवून ती घडवली होती. कोंदण तेवढं रिकामं होतं. दुकान असं, की फरशीत आपलंच तोंड दिसावं आणि त्याने आपल्यालाच विचारावं, बाई, तू इथे कशाला?

मालक स्वतः मखमली तबक घेऊन आला. त्यातला द्राक्षाएवढा जांभळा खडा सासूबाईंनी नजरेनेच उचलला.

"हाच," त्या म्हणाल्या.

"आमचा प्रत्येक खडा स्वच्छ मार्गाने आलेला," मालक म्हणाला. "तसा कागद देतो आम्ही."

"कागदाला खोकला होत नाही," आत्या म्हणाली. "घासला कुठे?"

"ते गुपित असतं हो. आमचा माल आणणाराही सांगत नाही."

"असं होय," म्हणत आत्याने खडा उचलला आणि पेढा टाकावा तसा तोंडात टाकला.

आत्याने खडा जिभेवर घोळवला, डोळे मिटले.

"कोरडा," ती म्हणाली. आणि खडा गालात सरकवून खुर्चीत मांडी घालून बसली.

"काढा तो बाहेर."

"कारखान्याचा पत्ता सांगा, काढते."

"मी पोलिसांना बोलावीन."

"बोलवा की. खडा कुठून आला ते लिहून घेतीलच. मला तरी दुसरं काय हवंय?" गालातल्या खड्याने शब्द गोल येत होते, पण धार तीच होती.

"विहीणबाई, लोक बघताहेत," सासूबाई कुजबुजल्या.

"बघू द्या. काचा त्यासाठीच लावल्यात."

"हे बघा, रविवारी साखरपुड्याला आमची चार माणसं येणार. रिकामी अंगठी घालून माझी सून उभी राहणार नाही. मग पुढचं तुम्ही बघा."

आत्याची जीभ थबकली. भाचीला मुलगा मनापासून आवडला होता. आपण गालात धरलाय तो खडा नाही, पोरीचं ठरलेलं लग्न आहे, हे तिला कळलं. तिने हळूच भाचीकडे पाहिलं. पोरीने नुसती मान हलवली असती तरी आत्या खडा थुंकून मोकळी झाली असती.

भाचीने तबकातला दुसरा खडा उचलला आणि आपल्या गालात ठेवला.

"हाही कोरडाच लागतोय गं, आत्या."

"तुला काय कळतंय, डोंबल."

"नाही कळत. पण बसते."

आता मालकाने फोन उचलला आणि आत्याला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर लावला. माल आणणाऱ्याला केला, त्याने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. सांगणारे सांगतात की सातव्या फोनपर्यंत दुकानातली सगळी गिऱ्हाइकं भोवती गोळा झाली होती, आणि एका आजीबाईंनी तर आपल्या कानातला खडा काढून चाखायला घेतला होता. सातव्या फोनवर शब्द आलाच नाही. आधी खोकला आला. खोल, कोरडा, शेवटी शिट्टी वाजवणारा.

आत्याने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"भाऊ," ती म्हणाली, "चाकाला पाणी आहे का?"

"प्यायला आहे, बाई," तिकडून आवाज आला. "चाकाला नाही."

आत्याने त्याच्याकडून पत्ता घेतला, मालकाच्याच गुळगुळीत कागदामागे लिहिला. मग दोघींनी खडे काढले, रुमालाने लख्ख पुसले आणि तबकात ठेवले.

"चाकाला पाणी सोडलं की कळवा," भाची मालकाला म्हणाली. "खडा तेव्हा घेऊ."

"आणि रविवारी?" सासूबाईंनी विचारलं.

"रविवारी मी हीच रिकामी अंगठी घालणार. तुमच्या मुलाला चालत नसेल तर त्याने यावं आणि तोंडावर सांगावं."

तो आला. रविवारीच आला, आणि अंगठी घालताना म्हणाला, "पाणी येईपर्यंत बोट सांभाळ, कोंदणाची टोकं बोचतात." सासूबाई तासभर घुम्या बसल्या. पण त्यांच्याच जावेने, "अगं बाई, खडा पडला वाटतं," म्हणून हसायला घेतलं तेव्हा त्या फणकारल्या, "पडला नाही. आमच्याकडे वाट बघतात. कुणाचा जीव घेऊन आणत नाहीत."

त्या दुकानात म्हणे आता प्रत्येक बाई आधी विचारते, "चाखून पाहू का?" मालकाने पाटी लावलीय: खडे तोंडात घालू नयेत. पाटी वाचून बायका जास्तच चेकाळतात.

आत्या दर सोमवारी त्या सातव्या नंबरवर फोन करते. भाची शेजारी बसून ऐकते. अजून उत्तर "नाही" असंच येतं, आणि अंगठी अजून रिकामीच आहे. कोंदणाची टोकं कपड्यात अडकतात, धागे निघतात. पण भाची ती काढत नाही. उलट माणसांत बसली की तो हात सगळ्यांत वर ठेवते.