छत बुजवलं तरी गळतं

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरामागे काचघर आहे. त्या पहाटे तिथे मुंगी शिरायला जागा नव्हती. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आभाळात औषधालाही ढग नाही, आणि आत काचेच्या छतातून टपटप पाणी पडत होतं. माणसं माना वर करून, तोंडं उघडून उभी होती. पाखरांची पिल्लंसुद्धा इतक्या भरवशाने चोच उघडत नाहीत.

"पाऊस आहे का?" भक्तांपुढे बसलेल्या बाबांनी विचारलं.

"नाही!"

"वर नळ आहे का?"

"नाही!"

"मग हे काय आहे?"

"कृपा!"

"मग गा की मोठ्याने! आणि ते दार लावा, फटीतून कृपा निसटते!"

मधोमध खाटेवर माझी भाची होती. नऊ वर्षांची पोर, दम्याने काडी झालेली. श्वास घेताना छातीत करवत चालल्यासारखा आवाज यायचा. थेंबांखाली वाटी धरली होती, आणि बहीण त्यातलं पाणी चमच्याने तिला पाजत होती. डॉक्टरांनी दिलेला पंप कपाटात कुलूपबंद आणि किल्ली बाबांच्या कमरेला. 'पंप आणि विश्वास एका घरात नांदत नाहीत' हे त्यांचं वचन.

बहिणीचा नवरा जहाजावर, वर्षातून एकदा दिसणारा. पोर रात्र रात्र बसून काढायची. कुणीतरी बाबांना आणलं, काचघरात प्रार्थना झाली आणि कोरड्या पहाटे पोरीच्या कपाळावर थेंब पडला. त्या दिवशी नेमकी तिला झोप लागली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. बाबांनी बाहेरच्या खोलीत मुक्काम ठोकला.

मी पोचले तेव्हा महिना उलटला होता. पंपासाठी भांडले, तर बहीण म्हणाली, "ताई, आई मी आहे."

मग मी छताकडे वळले. "अगं, पन्हळ तुंबलीय. साचलेलं पाणी सांध्यांतून झिरपतंय. पावसात गळत नव्हतं का हे?"

बाबांच्या कानावर गेलं. भर सभेत हसून म्हणाले, "बुजवा ना, ताई! आकाशाला ठिगळ लावा!" सगळे खदखदून हसले.

लावलं ठिगळ. असली कामं मी बिघडवत बिघडवत शिकलेय. शिडी लावून पन्हळीतून कुजक्या पानांचा चिखल उपसला, एक मेलेली चिमणी आणि फुटका चेंडू काढला. उलट्या उताराची पन्हळ खिळे काढून सरळ केली. काचांमधल्या तडकलेल्या रबरी पट्ट्या बदलल्या, सांधे सिलिकॉनने बुजवले. वरून पाइपाने पाणी सोडलं, आत एक थेंब नाही. त्या रात्री मी जेवण मागून घेऊन जेवले.

पहाटे गाणं सुरू झालं आणि छत गळायला लागलं. आधीपेक्षा जास्त!

"बघा!" बाबा गरजले. "पाखंड्याच्या हातूनच देवाने भेगा बुजवून घेतल्या! आता कोण म्हणेल गळती?"

एक म्हातारी चक्क माझ्या पाया पडली. आजवर गुपचूप माझ्या बाजूने बोलणारे पोस्टमनकाकाही हात जोडून उभे. बहिणीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या लेकराच्या तोंडचा घास काढायला निघाले होते. आणि पोरीचे ओठ निळसर दिसत होते.

मला बघवेना. बाहेर थंडीत जाऊन उभी राहिले. पोरीचा खोकला ऐकून पुन्हा आत शिरले, तर काही दिसेना. चष्म्यावर वाफ धरली होती. तो पदराने पुसता पुसता मी वर पाहिलं. छताच्या काचाही तशाच पांढुरक्या.

मी बाहेर येऊन ओरडले, "सगळे अंगणात या! बाबा एकटेच आत बसू देत. कृपा त्यांचीच आहे ना?"

"तुझ्या परीक्षेला मी बांधील नाही," बाबा म्हणाले.

"दाखवाच, बाबा!" भक्तच ओरडले. भक्तांपुढे बाबांचा इलाज चालेना.

पोरीला उबदार खोलीत हलवलं. काचा आतून कोरड्या पुसल्या. बाबा एकटे बसले, गायले, घसा बसेपर्यंत गायले. आम्ही बाहेरून काचेतून बघत होतो. टिपूस नाही.

मग त्यांना बाहेर काढलं, शेगडीवर पाण्याचं पातेलं उकळत ठेवलं आणि दार लावलं. हळूहळू आतलं दिसेनासं झालं. पोस्टमनकाकांनी काच बाहीने पुसली. "पुसलं जात नाही गं."

"आतून आहे, काका. दार उघडा."

छत पातेल्यावर भरभरून गळत होतं.

"झालं! पातेलं सिद्ध झालं!" मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

"म्हणजे आम्ही..." म्हातारीने तोंडावर हात ठेवला.

"कोंडून गायलात, तुमच्या श्वासाची वाफ गार काचेला लागली, तिचं पाणी झालं. मी सांधे बुजवले, तशी वाफ आणखी कोंडली. म्हणून तर बाबांना पहाट लागते, बंद दारं लागतात, गर्दी लागते."

"माझे गुडघे दुखायचे थांबले त्याचं काय?" एकाने चिडून विचारलं. बाबांनी लगेच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बहीण मात्र हातातल्या वाटीकडे बघत होती. जिला श्वास पुरत नव्हता, तिला ती गर्दीच्या उच्छ्वासाचं पाणी पाजत होती. तिने बाबांपुढे हात पसरला. "किल्ली."

"किल्ली घेशील तर पोर..."

तिने पुढचं ऐकलं नाही. कमरेची किल्ली दोऱ्यासकट ओढून काढली आणि धावली.

पंपाने भागलं नाही, दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी पोरीला वाचवलं. पण म्हणाले, छातीचं झालेलं नुकसान पुरतं भरून येणार नाही. बाबा त्याच दुपारी गेले, गुडघेवाल्याच्या घरी. त्याच्याकडेही काचघर आहे म्हणे.

भाची आता आईच्या हातून चमचा घेत नाही. औषध पुढे आलं की ओठ मिटते आणि विचारते, "हे काय आहे? कुठून आणलं? कशाने गुण येतो?" बहीण बाटली दाखवते आणि रोज, न रागावता, रडू गिळून उत्तरं देते. मगच पोर तोंड उघडते.

एवढंच मागणं आहे, बायांनो आणि बाप्यांनो. कुणीही काहीही पाजायला आलं, तर आधी हे तीन प्रश्न विचारा. आणि लेकरांनी विचारले, तर त्यांना गप्प करू नका.