शर्यतीचे फोटो

भावजयीने काढलेले पोहण्याच्या स्पर्धेचे फोटो गायब झाले, तेव्हा कॉम्प्युटरसमोर नणंद एकटीच बसलेली होती. संशयाला तेवढं पुरे होतं.

स्टुडिओ दोघी मिळून चालवत. खाली दुकान, वर घर. दुकान मूळचं नणंदेचं, म्हणजे ताईंचं, पण हल्ली गिऱ्हाइकं ‘त्या धाकट्या बाईंनाच पाठवा’ म्हणायची. ताई त्यावर नुसत्या हसत. ते हसू भावजयीला कधीच सरळ वाटलं नव्हतं.

“आपल्या दोन्ही कॅमेऱ्यांच्या कार्डांवरचे फोटो एका फोल्डरमध्ये हलवत होते,” ताई म्हणाल्या. “मध्येच फाइल मॅनेजर बंद पडला. परत उघडला, तर तुझे फोटो कुठेच नाहीत. कार्डावरही नाहीत.”

“आणि तुमचे?”

“माझे आहेत.”

“वा! बरं कळतं हो त्याला कोणाचे ठेवायचे ते.”

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “ताई असं कशाला करेल?”

“तू बहिणीचीच तळी उचलणार.”

त्याच दिवशी तिने कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला. जेवायला वर जातानाही कार्ड पर्समध्ये. ताई खोलीत आल्या की ती खुर्ची फिरवून बसायची. ताईंनी चहा आणून ठेवला, तर मनात यायचं, आज एवढा पुळका कशाचा?

शेवटी ताईंचं खोटं उघडं पाडायचंच, म्हणून तिने फाइल मॅनेजर बनवणाऱ्यांच्या तक्रारींच्या पानावर लिहिलं: ‘तुमचा प्रोग्राम आपोआप फोटो गिळू शकतो का? माझ्या नणंदेचं तसं म्हणणं आहे. मला वाटतं, तिनेच मुद्दाम पुसले.’ खाली दुकानाचं नाव टाकलं.

‘फाइल हलवताना नेमकं काय केलं ते कळवा,’ एवढंच उत्तर आलं. तिला ते माहीत नव्हतं, आणि ताईंना विचारेल तर शपथ!

काही दिवसांनी तिने पान पुन्हा उघडलं. तिच्या तक्रारीखाली कोणीतरी लिहिलं होतं:

‘ती नणंद मीच. हीच तक्रार करायला आले होते, ती आधीच केलेली दिसली. दोन्ही कॅमेरे फोटोंना सारखीच नावं देतात. हलवताना “या नावाची फाइल आहे, काय करू?” असं विचारलं. मी “दोन्ही ठेवा” म्हटलं आणि “सगळ्यांसाठी हेच” वर टिचकी मारली. लगेच खिडकी बंद झाली.’

वाचताना तिचे कान तापले. तरीही संशय सुटेना. रचून सांगायला काय जातंय? तिने निरुपयोगी फोटोंचे दोन फोल्डर केले, सारखी नावं दिली, ताईंनी लिहिलं तस्संच केलं.

खिडकी नाहीशी झाली. एका फोल्डरमधले फोटोही.

तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. मग तिने पानावर लिहिलं, ‘ताईंचं खरं आहे. माझ्याकडेही असंच झालं,’ आणि आपली आधीची ओळ खोडली.

लगेच उत्तर आलं: ‘चूक सापडली, आमचीच आहे. कार्डावर नवे फोटो काढले नसतील, तर जुने परत मिळतील.’

तिने पर्समधून कार्ड काढलं. त्याच कार्डावर तिने परवा एका शाळेचे वर्ग टिपले होते. ताईंच्या हाती लागू नये म्हणून ते सतत जवळ बाळगत होती, आणि जवळ होतं म्हणून तेच वापरत होती. निम्मेच फोटो परत आले. शेवटच्या शर्यतीचा एकही नाही.

ती वर गेली. ताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“ताई, माझं चुकलं.”

ताईंनी मान वर केली नाही. “माझ्या तोंडच्या शब्दाला काही किंमत नाही. मशीन बोललं, तेव्हा पटलं.”

“तिथे लिहायला नको होतं मी.”

“लिहिलंस ते जाऊ दे. मनात होतंच ना?” त्यांनी उशीचा अभ्रा झटकला. “फोटो गेल्याचं पोहण्याच्या सरांना फोन करून तूच सांगायचंस. आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड सांग आधी.”

तिने सांगितला. ताईंनी खाली जाऊन तो लगेच बदलला. नवा काय ठेवला, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही.