रिकाम्या काचेवरचा हिरवा उजेड

“बाई, तुमचं मशीन खोटं बोलतं म्हणून झाकून ठेवलंय, व्हय?”

जगदेवीला हे विचारायचा धीर होणारच नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिनं विचारलं, आणि तेही मोठ्यांदा! मित्रांनो, ते मशीन म्हणजे मी. सोलापूरच्या एका दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत, कापडाखाली बसलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. त्या दिवशी शाळेच्या मुली प्रयोगशाळा बघायला आल्या होत्या.

मी साधासुधा नव्हतो बरं का! औषध लावलेली काच माझ्या निळ्या उजेडात धरली, की एरवी डोळ्यांना न दिसणारं हिरवं चमकायचं. १९७० साली डॉक्टर दानम्मांनी मला खोक्यातून काढलं, तेव्हा त्या लहान मुलीसारख्या हसल्या होत्या. त्यांच्याकडे अक्कलकोटाकडची लेकरं यायची. आधी अंगावर खरूज, मग सुजलेलं तोंड, मग निकामी होत गेलेली मूत्रपिंडं. रोगाशी लढायला निघालेली शरीराची फौज स्वतःच्याच मूत्रपिंडात अडकून पडते, असं बाईंना वाटे. त्याचा पुरावा मी द्यायचा होता.

दोन वर्षं आम्ही त्या लेकरांच्या मूत्रपिंडांचे इवले तुकडे काचेवर ठेवून नुसता अंधार पाहिला. आणि बहात्तरच्या दसऱ्यानंतर एका काचेवर हिरवे दाणे चमकले. दुसऱ्या काचेवरही, तिसऱ्यावरही!

“ईरप्पा, सापडलं!” बाई ओरडल्या.

ईरप्पा म्हणजे प्रयोगशाळेचा शिपाई. तो म्हणाला, “म्या म्हनलं नव्हतं, बाई? औंदा पूजा लई मनापासनं केली की!”

बाईंनी शोधनिबंध पाठवला. कौतुकाची पत्रं आली. सहा वर्षांची चंद्रव्वा तेव्हा दवाखान्यात होती. तिच्या आईला, मायाक्काला, बाई म्हणाल्या, “कारण सापडलंय. आता औषधही सापडेल.”

मग एकदा निरोगी मूत्रपिंडाचा तुकडा चमकला. बाईंनी घाबरून नुसती रिकामी काच ठेवली. तीही चमकली. त्यांनी माझ्या चाकावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

हळद.

खंडेनवमीच्या पूजेत ईरप्पानं मला आणि काचांच्या डब्याला हळदीची बोटं ओढली होती. माझ्या उजेडात हळदही हिरवीच चमकते, मित्रांनो. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

बाईंनी निबंध परत मागवला. चूक स्वतःची, असं लिहिलं. ईरप्पाचं नाव कुठंच नाही, त्याला काही सांगितलंसुद्धा नाही. मायाक्काला मात्र सांगावं लागलं.

“मग त्ये हिरवं काय हुतं, बाई?”

त्याच महिन्यात चंद्रव्वा गेली. बाईंनी माझ्यावर कापड टाकलं, ते पाच वर्षं झाली तरी उचललेलं नाही. माझ्या भिंगांवर बुरशी चढली. ईरप्पा मात्र दर खंडेनवमीला येतो, कापड वर करतो आणि आधीपेक्षा जास्त हळद लावतो. “बाईंचं मशीन चालू हू दे, देवा,” म्हणतो. मी काय बोलणार?

जगदेवीच्या प्रश्नावर सगळ्या पोरी खुसखुसत होत्या. बाई शांतपणे म्हणाल्या, “मशीन खरं तेच बोलत होतं, पोरी. काचेवर हळद होती. रिकामी काच आधी बघायची असते. मी ती शेवटी बघितली.”

जगदेवीचं हसू मावळलं. ती हळद तिच्याच घरून यायची. ती ईरप्पाची लेक, हे बाईंना माहीत नव्हतं.

मित्रांनो, माझी पूजा करू नका. मला स्वच्छ ठेवा, आणि मी दाखवलेल्यावरही एकदा शंका घ्या. चंद्रव्वाला का जावं लागलं, ते मला अजून दिसलेलं नाही.

आज खंडेनवमी. ईरप्पा आणि त्याची बायको बसम्मा पूजेचं ताट घेऊन आले. पाठोपाठ धापा टाकत जगदेवी आली आणि माझ्यापुढं आडवी उभी राहिली.

“आई, फूल वाहा. हळद नगं.”

“का गं? हे कुटनं शिकलीस?” बसम्मा चिडली. ईरप्पा गोंधळून हातातल्या वाटीकडं बघत राहिला.

जगदेवीनं खरं कारण गिळलं. मान ताठ केली.

“आप्पा, मी सायन्स घेणार. ह्या मशीनवर मी बसणार. आणि माझ्या मशीनला हळद लावायची न्हाय, आत्ताच सांगून ठेवते.”