तेल न लावलेले केस

रंभाबाई माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी डोकं बघायची. आणि सोलापुरात धड डोकी फार थोडी, असं तिचं ठाम मत होतं. माढ्याहून लग्न होऊन आल्यापासून वीस वर्षं ती मंगळवार पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या बायकांना न्हाऊ घालत होती, त्यांच्या वेण्या घालत होती, लग्नकार्यात खोपे बांधत होती. नवरा कोंडीबा बाजारात बसून हजामती करायचा. बायका तिच्या हातात केस देऊन घरची गाऱ्हाणी सांगत. ती हूं हूं करी आणि मनात म्हणे, डोक्यावर एवढं रान, आन् आत दाणा न्हाय.

बोलपट आले आणि पेठेतल्या सुनांना कानांवरून केसांच्या लाटा काढायचं खूळ लागलं. त्या लाटांचे फोटो काढायला मल्लिकार्जुन होता. पुण्यात फोटोग्राफी शिकून आलेला, उन्हाळ्यातही कोट न उतरवणारा. एकदा ऐन फोटोच्या वेळी एका बाईचा अंबाडा सुटला आणि ती परपुरुषाला डोक्याला हात लावू देईना, म्हणून त्यानं रंभाबाईला बोलावणं धाडलं.

ती त्याच्या स्टुडिओत आली आणि तिनं आधी भिंतीवरचे फोटो बघून घेतले. नीटनेटकं दिसावं म्हणून तो सगळ्यांना केस तेलानं चोपडायला लावी, आणि काचेच्या छतातून पडणारा उजेड त्या तेलावर असा चमके की प्रत्येकीच्या टाळूवर पांढरा डाग उमटलेला होता.

"ह्यास्नी चुना कुणी लावला?" तिनं विचारलं.

मल्लिकार्जुन म्हणाला, तो प्रकाशाचा खेळ असतो, तुला त्यातलं कळायचं नाही. रंभाबाईनं चिमूटभर बेसन घेऊन त्या बाईच्या केसांतलं तेल टिपलं, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि अंबाडा सैल बांधला. त्या फोटोत बट न् बट वेगळी उठून आली. मल्लिकार्जुन गिऱ्हाइकांना सांगू लागला की ही पुण्याची नवी पद्धत आहे. रंभाबाईला मात्र त्यानंतर आठवड्यातून दोनदा बोलावणं येऊ लागलं.

पुढं तेलाचे कारखानदार सिद्धाप्पा आले. त्यांना बाटलीच्या चिठ्ठीवर लांब मोकळ्या केसांचं चित्र हवं होतं. केस घरातच होते. सून पार्वतम्मा, वेणी गुडघ्यापर्यंत. पण सुनेचं तोंड दिसायला नको होतं, आणि परक्या पुरुषासमोर तिनं केस सोडायचे नव्हते. मल्लिकार्जुनानं खूप सांगून पाहिलं की फोटोवाला हा वैद्यासारखा असतो. सिद्धाप्पा हलले नाहीत. शेवटी तोच म्हणाला, मी सगळं मांडून देतो, भिंगाचं टोपण काढून घालायचं काम काय, रंभासुद्धा करील.

एक सकाळ तो तिला शिकवत होता आणि प्रत्येक वाक्याला, एवढं तरी जमेल ना, असं विचारत होता. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं घालून तिनं काचेत बघितलं तर समोरची खुर्ची उलटी टांगलेली. "शिकून सवरून माणसं उलटी बघायची व्हय," ती पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी तिनं पार्वतम्माचे केस शिकेकाईनं असे धुतले की तेलाचा थेंब उरला नाही. सिद्धाप्पांनी आपली बाटली पाठवली होती. ती तिनं कोपऱ्यात ठेवली.

"मामंजी विचारतील की, रंभाक्का," पार्वतम्मा घाबरून म्हणाली. "तेलाचं चित्र, आणि तेलच नाही?"

"त्यास्नी तेल इकायचं हाय. मला केस दावायचेत."

मग तिनं मल्लिकार्जुनाला बाहेर घालवलं, त्यानं मांडलेली खुर्ची हलवली, वरच्या छतावर चादर ओढली आणि पार्वतम्माला खिडकीकडं कूस करून बसवलं. केस पाठीवर पसरले. उजेड बाजूनं यायची वाट बघत ती उभी राहिली. पार्वतम्मा तीनदा कानडीत "साकु", पुरे आता, म्हणाली तरी रंभाबाई हलली नाही. मग टोपण काढलं, तीन आकडे मोजले, घातलं.

चिठ्ठी छापून आली आणि तेल हैदराबादपर्यंत जाऊ लागलं. पार्वतम्मानं तिला चिठ्ठी वाचून दाखवली. खाली बारीक अक्षरांत मल्लिकार्जुनाचं नाव होतं. रंभाबाई तशीच उठून त्याच्याकडं गेली.

"फोटो म्या काढला. नाव तुमचं कसं?"

तो हसला. "न्हाव्याच्या बाईचं नाव घातलं, तर ते तेल कोण डोक्याला लावेल?"

ती घरी आली. त्याचं बोलावणं आलं की कोंडीबाला निरोप द्यायला सांगे, बाई कामात हाय. दोन महिन्यांत त्याच्या भिंतीवर पुन्हा चुना लावलेली डोकी लागली. तेवढ्यात सिद्धाप्पांना आणखी दोन चित्रं हवी झाली आणि पार्वतम्मानं सांगून टाकलं की रंभाक्का नसेल तर मी बसणार नाही.

मल्लिकार्जुन कोट घालून न्हावी गल्लीत आला. दारातच उभं राहून म्हणाला की या वेळी नाव घालू.

"नाव ऱ्हाऊ द्या. तुमच्या नावाशेजारी बसायची मला कुटं हौस हाय? तुमचा जुना क्यामेरा पडून हाय न्हवं, तो द्या. आन् प्लेट धुवाया शिकवा."

त्यानं आठ दिवस टाळलं. मग सिद्धाप्पांचा माणूस रोज यायला लागल्यावर कॅमेरा दिला आणि शिकवलंही.

सिद्धाप्पांची चित्रं काढून दिल्यावर रंभाबाईनं परसात तट्ट्या उभ्या केल्या, पांढरी चादर बांधली आणि अंधाऱ्या कोठीत औषधाच्या पाण्यात फोटोच्या काचेच्या प्लेटा धुवायला सुरुवात केली. पहिल्या सहा उजेड लागून काळ्या पडल्या. तिनं स्वतःलाही सोडलं नाही, पोटभर शिव्या दिल्या. सातवी साधली. बायका येऊ लागल्या, पाच पेडांच्या वेण्या, कानांवरच्या लाटा, अबोली माळलेले खोपे घेऊन. ती फोटो पाठमोरेच काढी. तोंडं पुष्कळ बघितली, असं ती म्हणे.

एका श्रावणात एक बाई चेहऱ्यावर पदर ओढून आली. आत आल्यावर पदर काढला. मल्लिकार्जुनाची बायको, रत्नम्मा.

"घरात फोटोवाले," ती खाली बघत म्हणाली, "पण माझा एकही फोटो धड नाही."

रंभाबाईनं तिचे केस हातात घेतले. दाट होते, मऊ होते, आणि तेलानं नुसते थबथबलेले. तिनं ते नाकाशी नेऊन हुंगले आणि चुलीवर पाणी ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "ह्याला दोन येळा धुवावं लागंल."